शके सोळाशे नऊची पोथी

आगाशे मास्तर देव मानीत नसत, आणि झाडगावात ही बातमी शिळी होऊन तीस वर्षे लोटली होती. हायस्कुलात त्यांनी पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवले, इन्फ्लुएन्झाच्या साथीत बायको गेली तेव्हा दहाव्या-बाराव्याचे विधी केले नाहीत, आणि निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी आठ वाजता अंगणातल्या पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत लिहिण्याचा परिपाठ सोडला नाही. वही बावीस वर्षांची होती. तीत एकाच ठिकाणी आकड्याच्या जागी 'मोजले नाही' असे होते. त्या दिवशी ते तापात होते. शेजारच्या ओव्हरसियरांच्या मोजणीवरून आकडा भरता आला असता, पण दुसऱ्याच्या अंगणातला पाऊस आपल्या वहीत घालणे त्यांच्या बुद्धीला पटले नाही.

मूलबाळ नव्हते. सकाळी येऊन पोळीभात करून जाणारी राही दुपारी बारा वाजता निघून गेली, की दुसऱ्या दिवसापर्यंत मास्तरांशी बोलणारे माणूस घरात नसे. त्यांना त्याचे काही वाटत नसे असे ते सांगत. सांगण्याचा प्रसंग मात्र क्वचितच येई, कारण विचारणारेच कोणी नव्हते.

त्यांच्या आवाराच्या दक्षिणेला जांभ्या दगडांचा गडगा होता आणि गडग्यापलीकडे पंधरा पावलांवर येसूबाई मयेकरणीचे घर. मयेकरांची एके काळी स्वतःची गलबते होती. आता घर होते, आठ माड होते, आणि एक पोथी होती. येसूबाईचा नवरा गलबतावरच वारला होता, मुलगा लवू मुंबईला गोदीत कारकून होता. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज दिवेलागणीला ती माजघरात बसून पोथीचा एक अध्याय मोठ्याने वाची. अध्याय चौदा. चार महिन्यांत आठ पारायणे पुरी होऊन नववे अर्धवट राहण्याचा संभव असे, म्हणून शेवटच्या दिवसांत ती दोन-दोन अध्याय उरकून ते बसवी. हे मास्तरांना कोणी सांगितले नव्हते. ते ओटीवर कंदिलाशी एखादे मासिक उघडून बसलेले असत आणि आवाज गडग्यावरून येई. आपण पोथी ऐकतो, हे त्यांनी मान्य केले नसते. ती ऐकू येते, इतपत केले असते.

पोथीचा विषय असा: मयेकरांचा मूळपुरुष विठोजी तांडेल याचे गलबत हर्णे बंदरापुढे वादळात सापडले, ग्रामदेवीने ते हातावर झेलून धरले, आणि किनाऱ्याला लागल्यावर विठोजीने स्वतः ओव्या रचून स्वतःच्या हाताने त्या लिहून काढल्या. देवीच्या हाताविषयी मास्तरांना काही म्हणायचे नव्हते. पण पाचव्या अध्यायात आधी पूर्वेचा वारा येतो, मग वारा मरतो, समुद्र उंच असूनही शिडे लोंबू लागतात, आणि मग पश्चिमेचा वारा पहिल्यापेक्षा जोराने येतो. चक्री वादळाचा मध्य डोक्यावरून उत्तरेकडे गेला, तर नेमके असेच घडावे. ज्या माणसाने हे लिहिले तो तिथे होता, एवढे मास्तर छातीवर हात ठेवून सांगू शकले असते. पाचवा अध्याय असे त्या संध्याकाळी ते मासिकाचे पान उलटीत नसत.

त्या वर्षी, म्हणजे शके अठराशे पंचावन्नात, आळीतल्या वाचनालयाने एक टूम काढली. गावात कोणाकडे जुन्यात जुने पुस्तक आहे याची नोंद करायची, आणि त्यांतली निवडक पुस्तके दसऱ्याला मांडायची. अट एकच: पुस्तक मालकाने वाचलेले असले पाहिजे. चिटणीस धोंडोपंत बेहेरे यांनी परीक्षक म्हणून मास्तरांना गाठले.

"तुमच्याइतका संशयी माणूस रत्नागिरीत दुसरा नाही," धोंडोपंत म्हणाले. "आमच्यापैकी कोणी बसला, तर सगळीच पुस्तकं पांडवांच्या वेळची ठरतील."

मास्तरांनी काम मन लावून केले. एका वकिलांनी शंभर वर्षांपूर्वीचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणला. आपण तो दोनदा वाचला, असे ते म्हणाले. मास्तरांनी ग्रंथ उघडला, तर आतली पाने छापखान्यातून आली तशीच कडांना जोडलेली होती. त्यांनी टेबलावरची कागद कापायची सुरी वकिलांच्या पुढे सरकवली. मिरकरवाड्याच्या एका म्हाताऱ्या नाखव्याने आजोबांची अरबी लिपीतली वही आणली. कोणत्या ताऱ्यावर नजर ठेवून कोणते बंदर गाठावे, ते तीत लिहिले होते. नाखवा ती डोळे मिटून म्हणू लागला, तेव्हा मास्तरांनी त्याला डोळे उघडून मधलेच पान वाचायला लावले. नाखव्याने ते वाचले, वर मास्तरांच्या चष्म्याची काच पुसायला झाली आहे असेही सांगितले. नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'वाचले' असा शेरा पडला.

गणपतीला लवू आला. बोटी अजून सुरू झाल्या नव्हत्या. कोल्हापूरवरून मोटारीने हातखंब्याला उतरून तो बैलगाडीने गावात आला होता, आणि दुसऱ्याच दिवशी गडग्यापाशी येऊन उभा राहिला. पस्तिशीचा, गळपट्ट्याचा कोट घातलेला, बोलताना बोटांनी घड्याळाची साखळी फिरवण्याची सवय.

"मास्तर, तुमच्याकडं एक काम हाय. म्हणजे आहे," तो म्हणाला. मुंबईत सुधारलेली भाषा गावात पाय ठेवताच घसरे आणि तो ती सावरून घेई. "आईला मी तीन वर्षं सांगतोय, चल मुंबईला. बायकोची तब्येत बरी नसते, पोरं लहान. आणि ही इथं एकटी. उद्या पडली-झडली तर मला चार दिवसांनी कळायचं. पण ही काय म्हणते, तर पोथी."

"पोथी न्यायची बरोबर."

"तिथंच तर घोडं अडलंय. मूळपुरुषाच्या हातची पोथी उंबऱ्याबाहेर काढायची नाही, आणि ज्या घरात लिहिली त्या घरात चातुर्मासात तिचा खंड पडू द्यायचा नाही. हा आमच्या घरचा नेम. नक्कल असती तर कुठंही नेता आली असती. नकलेला काही बंधन नाही."

मागे येसूबाई तुळशीपाशी पाणी घालीत उभी होती. लहानखुरी, पाठीत किंचित वाकलेली बाई. तिने मान वर केली नाही. "सांग, सांग सगळं," ती म्हणाली. "पाटीवर लिहून लाव."

"सांगतोच आहे. मास्तर, मी हिला म्हटलं, तुझं नको, माझं नको. मास्तर पुस्तकं तपासतायत ना, त्यांना ही तपासू दे. विठोजीची असली, तर मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. नसली, तर पोथी बांधायची आणि बोट सुरू झाली की निघायचं. ही कबूल झाली. होय ना गं?"

"झाले," येसूबाई म्हणाली. "मास्तर सांगतील ते."

"मास्तर खोटं बोलणार नाहीत," लवू म्हणाला. मास्तरांना ते वाक्य उगीचच जास्तीचे वाटले.

गौरी गेल्यावर, ऊन पडलेले पाहून मास्तर नोंदवही आणि भिंग घेऊन पलीकडे गेले. पोथी बाहेर न्यायची नसल्याने परीक्षकालाच घरी येणे भाग होते. वीस वर्षांच्या शेजारात त्या उंबऱ्याच्या आत त्यांचा पाय पहिल्यांदाच पडत होता. येसूबाईने खिडकीपाशी पाट मांडला, तांबड्या रुमालाची गाठ सोडली आणि सुट्या पानांचा तो गठ्ठा पाटावर ठेवून ती चुलीकडे वळली. लवू मिरकरवाड्याला मासळी आणायला गेला होता.

मास्तरांनी शेवटचे पान आधी काढले. 'शके १६०९ प्रभवनाम संवत्सरे कार्तिक शुद्ध द्वादशी ते दिवशी ग्रंथ संपूर्ण. हस्ताक्षर विठोजी तांडेल मयेकर.' त्यांनी बोटांवर संवत्सर मोजले. शके सोळाशे नऊला प्रभवच येत होते. तारीख कोणी मागाहून रचलेली नव्हती. अक्षर बोरूचे, एकहाती, सुबक. शाई काजळीची. काजळी अडीचशे वर्षांची असो की काल संध्याकाळची, दिसायला सारखीच, तेव्हा तिच्यावरून काही ठरत नव्हते. मग त्यांनी एक पान खिडकीच्या उजेडासमोर धरले.

पानाच्या अंगात एक मुकुट होता आणि मुकुटाखाली इंग्रजी आकडे. यंत्रावर कागद बनतानाच अशी खूण त्यात उमटवतात, आणि ती उजेडाशिवाय दिसत नाही. आकडे १८७१ असे होते. मास्तरांनी दुसरे पान धरले, मग अकरावे, मग सत्तरावे. चार पानांत एकदा तरी मुकुट येत होता.

झाले काय असेल ते त्यांच्या क्षणात ध्यानात आले. पोथी जीर्ण झाली की तिची नक्कल करायची आणि जुनी समुद्राच्या स्वाधीन करायची, ही या किनाऱ्यावरची रीत. नक्कल करणारा पोथीतले सगळे उतरून काढतो. पोथीत तारीख असते, म्हणून तारीखही उतरवतो. त्याला ती पोथीचाच भाग वाटते. आपले नाव, आपले साल खाली घालावे हे त्याच्या मनातही येत नाही. विठोजीची पाने कधीच समुद्रात विरघळली होती. हा गठ्ठा जास्तीत जास्त बासष्ट वर्षांचा होता.

मास्तरांनी पान खाली ठेवले. स्वयंपाकघरातून खोबरे किसण्याचा आवाज येत होता. निष्कर्ष काढायला पाच मिनिटे लागली होती, आणि आता फक्त तो बोलून दाखवायचा होता. पुढल्या आषाढीला गडग्यापलीकडून आवाज येणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले. आधी त्यांना ते केवळ एक अनुमान वाटले: बाई मुंबईस जाईल, घर बंद राहील, आवाज नसेल. मग त्यांनी आपल्या ओटीवरची ती संध्याकाळ डोळ्यांपुढे आणून पाहिली, आणि तिच्यात स्वतः काय करीत असू हे त्यांना ठरवता येईना. मासिक होते, कंदील होता. त्यांपुढे काही नव्हते.

'निश्चित सांगता येत नाही' असे लिहावे, हाही विचार त्यांनी केला. पण सांगता येत होते, तेव्हा ते खोटेच झाले असते, आणि लवूने त्याचा अर्थ 'नाही' असा केला असता. खोटे बोलायचे तर निदान उपयोगी पडेल असे बोलावे.

येसूबाई बशीत खोबऱ्याच्या वड्या घेऊन आली आणि खाली बसली. "काय दिसलं, मास्तर?"

"मूळ आहे," मास्तर म्हणाले. "शके सोळाशे नऊ."

येसूबाईने त्यांच्याकडे पाहिले. तिचे पाहणे नेहमीपेक्षा थोडे लांबले, इतकेच. "बरं," ती म्हणाली, आणि पाने सारखी करू लागली. मास्तरांनी नोंदवहीत शाईने लिहिले: मूळ हस्ताक्षर, दोनशे शेहेचाळीस वर्षे, वाचले. त्यांनी वडी खाल्ली. ती चांगली होती, आणि तसे त्यांनी सांगितलेही.

लवूने शब्द पाळला. जाताना तो मास्तरांच्या पाया पडला, आपल्या घराण्याची पोथी गावात पहिली आली म्हणून वाचनालयाला देणगी देऊन गेला, आणि मुंबईला जाण्याचा विषय बंद झाला. दसऱ्याला वाचनालयात पोथीच्या जागी एक पाटी लावली: 'पाहण्यास मयेकरांच्या घरी जावे.' माणसे आठवडाभर जात-येत राहिली.

येसूबाईने वाचायची जागा बदलली. माजघर सोडून ती पडवीत, गडग्याच्या बाजूला बसू लागली. आता एकही ओवी वाया जात नव्हती. तिचा श्वास लागे तो ऐकू येई, पान उलटताना ती थांबे ते ऐकू येई. मास्तरांना हवे होते ते सगळे मिळाले होते, आणि त्यांना ते ऐकवेना.

अध्यायाच्या शेवटी 'विठोजी म्हणे' असे आले की त्यांना मुकुट दिसे. वहीत बावीस वर्षांचे पाऊसपाणी होते, त्यातला एकही थेंब त्यांनी बनवलेला नव्हता, आणि वाचनालयाच्या नोंदवहीत, त्यांच्याच अक्षरात, त्यांच्याच सहीखाली, एकशे चौऱ्याऐंशी वर्षे बनवलेली होती. नाखव्याला डोळे उघडायला लावणारे आपणच, आणि वकिलांपुढे सुरी सरकवणारेही आपणच, हे त्यांना दिवसातून अनेकदा आठवू लागले. कार्तिकात, नवव्या पारायणाच्या वेळी पाचवा अध्याय आला, वारा मेला, शिडे लोंबली, आणि मास्तर उठून घरात गेले. दार लावल्यावर आवाज कमी झाला, पण थांबला नाही.

मार्गशीर्षात धोंडोपंतांनी अहवालाची छापायची प्रत नजरेखालून घालायला धाडली. जुन्या पुस्तकांच्या यादीत पहिले नाव मयेकरांचे होते. मास्तरांनी लेखणी उचलली, 'मूळ हस्ताक्षर' खोडले, आणि बाजूला लिहिले: 'नक्कल. कागदातील खुणेवरून इसवी सन १८७१ पूर्वीची नाही. आधीचा शेरा परीक्षकाची चूक.' नोंदवहीतही तीच दुरुस्ती केली. मयेकर यादीत सातव्या क्रमांकावर गेले. नाखवा पहिला आला.

"मास्तर, आधी अडीचशे म्हणालात, आता साठ," धोंडोपंत प्रत चाळीत म्हणाले. "बाजार एकदम बसला म्हणायचा."

"आधी नीट पाहिलं नव्हतं."

"तुम्ही? नीट पाहिलं नव्हतं?" धोंडोपंतांनी चष्म्यावरून पाहिले. "बदलतो. तसाही आमचा अहवाल वाचतो कोण."

अहवाल कोणी वाचत नाही, हे मास्तरांनीही मनाशी धरले होते. दुरुस्ती झाली, नोंद शुद्ध झाली, आणि गडग्यापलीकडे काही कळण्याचे कारण नाही, असा त्यांचा हिशोब होता. अहवाल देणगीदारांना टपालाने जातो, एवढीच एक गोष्ट त्यांनी विचारात घेतली नव्हती. किंवा घेतली होती आणि बाजूला ठेवली होती. पुढे या दोहोंपैकी खरे कोणते हे त्यांनी बराच काळ तपासले, पण निर्णय लागला नाही.

पौषात लवू बोटीने आला. तो मास्तरांकडे आला नाही. दिवसभर पलीकडे भांडी हलवण्याचे, पेट्या ओढण्याचे आवाज येत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी येसूबाई गडग्यापाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, उद्याच्या बोटीनं जाते."

मास्तर पायऱ्या उतरून गडग्याशी गेले. बोलायचे ते त्यांनी सकाळपासून तयार केले होते. "येसूबाई, चूक माझी. गणपतीत मी तुम्हांला खोटं सांगितलं. कागद एकाहत्तर सालानंतरचा आहे, तो मला तेव्हाच दिसला होता."

"ब्याऐंशी," येसूबाई म्हणाली.

"काय?"

"ब्याऐंशी साली लिहिली. आमच्या मामंजींनी. मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी." ती गडग्यावरच्या एका सैल दगडावर हात ठेवून बोलत होती. "मी धा वर्षांची. एका फळीवर दोऱ्या ताणून बांधलेल्या असायच्या. तिच्यावर कागद ठेवायचा आणि अंगठ्यानं दाबायचा, म्हंजे ओळी उठतात. तेवढं काम माझं. अंगठा असा सुजायचा. हे गलबतावर होते, घरात आम्ही दोघंच. जुनी पोथी पार खाल्लेली, हात लावला की भुगा. ही पुरी झाली तशी मामंजींनी ती समुद्रात सोडली. मी विचारलं, मामंजी, साल जुनं का घातलंत? म्हणाले, पोथीत हाय ते लिहायचं, आपलं काय हाय त्यात? पुढे त्यांचे डोळे गेले, तेव्हा वाचायला कोणी नाय, म्हणून मला अक्षरं शिकवली. याच पोथीवर."

मास्तर म्हणाले, "म्हणजे तुम्हांला ठाऊक होतं. मग लवूला नकलेचं सांगायचं, आणि—"

"आणि जायचं," येसूबाई म्हणाली. "मला जायचं नव्हतं, मास्तर. इथं माझं कोण हाय असं नाय, पण इथं मी माझी असते. मी पोरापुढे खोटं बोलले नाय. सांगितलं नाय एवढंच. म्हटलं, तुम्ही बघाल, तुम्हांला कळेल, आणि तुम्ही सांगाल. तुमच्यापुढे कोणाचं चालत नाय. मी भांडी आवरायला घेतली होती तेव्हाच."

"मी सांगितलं नाही."

"नाय सांगितलंत. तुम्ही म्हणालात, मूळ. तेव्हा मला वाटलं, या माणसाला कागद कळत नाय असं तर नाय." ती थोडी हसली. "मग कळलं. तुमच्या ओटीवरचा कंदील मला माजघरातून दिसायचा ना. मी वाचायला घेतलं की पेटायचा, आणि मी रुमाल बांधला की आत जायचा. वीस वरसं. म्हणून म्हटलं, पडवीत बसू. नीट ऐकू तरी जाईल."

दगडावरून एक मुंगळा चालला होता. मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले.

"मला ते लिहिणं भाग होतं," शेवटी ते म्हणाले. "वहीत खोटं राहिलं होतं."

"असेल. वही तुमची." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मास्तरांना उत्तर देता आले असते. "पण आधी मला हाक मारायची. चार पावलांवर गडगा हाय. मी सांगितलं असतं, नका लिहू. नायतर म्हटलं असतं, लिहा. पण मला विचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

लवूने पडवीतून हाक मारली. येसूबाईने दगड जागेवर नीट बसवला. "विहिरीचा रहाट तेवढा बघा अधूनमधून. दोर कुजतो." एवढे बोलून ती गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर बंदरावर गेले नाहीत. बोटीचा भोंगा मात्र झाडगावापर्यंत ऐकू येतो. पडाव किनाऱ्यावरून निघून बोटीला लागायला किती वेळ जातो, हे माहीत असल्याने येसूबाई कोणत्या वेळी कोठे असेल, याचा अंदाज त्यांना घरबसल्या बांधता आला. तो त्यांनी बांधला.

आषाढी एकादशी आली आणि गेली. श्रावणात एक कार्ड आले. अक्षर बाळबोध, एकेक सुटे, बोरूने लिहिल्यासारखे. सहा ओळी होत्या. आपण खुशाल आहोत. सूनबाईला आता बरे आहे. चाळीतल्या लोकांनी पोथीचे ऐकून आग्रह केला, म्हणून गॅलरीत वाचते. रोज सोळा-सतरा माणसे बसतात, नळावर भांडणाऱ्याही येतात. मागे बसलेल्यांना ऐकू जात नाही म्हणून ओरडून वाचावे लागते, घसा बसतो. आपल्याकडे पाऊस कसा आहे ते कळवावे.

मास्तरांनी कार्ड दोनदा वाचले. सोळा-सतरा हा आकडा त्यांनी तिसऱ्यांदा पाहिला. मग त्यांनी कोरे कार्ड घेतले, वही उघडली, आणि उत्तर लिहायला घेतले. आजपर्यंत पाऊस एकोणसत्तर इंच चौदा सेंट. गेल्या वर्षी याच तारखेस एकाहत्तर होता. रहाटाचा दोर बदलला. घराची दक्षिणेकडची कौले दोन जागी सरकली होती, ती लावून घेतली. पडवीत ओल नाही.

निम्मे कार्ड भरले. उरलेल्या निम्म्यावर काय लिहावे, याचा त्यांनी शाई सुकेपर्यंत विचार केला. लिहिण्यासारखे होते, आणि ते खरेही होते. पण त्याला मोजमाप नव्हते, आणि जे मोजता आले नाही ते आपल्या सहीवर पाठवण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी खाली सही केली, छत्री घेतली आणि कार्ड पेटीत टाकून आले.